मामाजींची संथ नाडी

आमचा मळा कारंज्याच्या वेशीबाहेर. वांगी, मिरची आणि सांबार; सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, उगाच हसू नका. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. मोट मामाजी, म्हणजे माझे सासरे, हाकायचे. काय तो थाट! मोटेचं पाणी पाटात पडताना जो आवाज यायचा, तो आताच्या कुठल्या इंजिनाला येत नाही.

त्या साली मात्र मामाजी मंदावले. दोन मोटा झाल्या की खाली बसायचे, उठताना डोकं धरायचे. वाफे कोरडे आणि माझं डोकं गरम. सुनेनं सासऱ्याशी तोंड वर करून बोलायची तेव्हा सोय नव्हती. मग मी बैलाला सुनावायची, "काहून रे, फुकटचं खाऊन सुस्तावला का? कामचोर कुठला!" बैल बिचारा कान हलवायचा. मामाजी गुपचूप उठायचे. आता आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एका दुपारी ते वांग्यांच्या वाफ्यात कोसळले. मी धावले, पदरबिदर विसरून मनगट धरलं. बोटाखाली काहीच लागेना. मला कुठला दम निघतोय! हात सोडला अन् हंबरडा फोडला. शेजारच्या मळ्यातली माणसं आली. त्यांनी मामाजींना घरी नेऊन भुईवर निजवलं, तोंडात गंगाजल अन् तुळशीचं पान घातलं. तर मामाजींनी ते पान चावलं, डोळे उघडले अन् म्हणाले, "काय चालू हाय? मोट कोन हाकून राह्यलं?"

आमच्या यांनी लगेच छकडा जुंपला. गावातल्या डॉक्टरांनी घड्याळ काढून नाडी धरली, ती सोडेचनात. मग मलाही तिथं बोट ठेवायला लावलं. एक ठोका लागला. नंतर इतकी वाट पाहिली, की माझाच श्वास अडकला. मग दुसरा.

"घाईनं हात सोडला असेल, बाई," ते म्हणाले. "म्हातारपणी हृदय कधी कधी असं सावकाश चालतं. सगळ्यांनाच त्याचा त्रास होत नाही. पण यांच्या डोक्याला रक्त पुरत नाही, म्हणून ही चक्कर, हा थकवा. माझ्याजवळ यावर औषध नाही. विहिरीकडे मात्र जाऊ देऊ नका."

म्हणजे मोट सुटली. म्हातारा आता खचणार, असं मला वाटलं. परतताना छकड्यात मी बैलाला सुनावलेलं आठवून नुसती रडत होते. मामाजी मात्र कितीतरी दिवसांनी हसले.

"रडते कायले, पोरी? बरं झालं, दुखनं हाय. मले तं वाटे, मीच कामचोर झालो."