दारातली जागा

आमच्या शहरातून वेगवान गाडीच्या स्थानकापर्यंत दोन डब्यांची एक छोटी गाडी जाते. या छोट्या गाडीत एक रिवाज पडला आहे: ज्याला पुढची गाडी धरायची, त्याला दारातली जागा द्यायची. काल मुलाखतीला निघालेली एक मुलगी मात्र हे माहीत नसल्याने खिडकीशी बसली होती. आमची गाडी सिग्नलला रखडली, तसा तिचा चेहरा उतरला. मोठी गाडी चुकली तर मुलाखतही गेली, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती.

"अगं, बसलीस काय? दारात जा!" समोरच्या काकू ओरडल्या. "ती गाडी नवरदेवासाठीसुद्धा थांबायची नाही!"

माणसं सरकली. तिची बॅग हातोहात पुढे गेली. एरवी हीच माणसं खिडकीसाठी भांडतात. मोठ्या गाडीच्या वेगाचं कौतुक सगळेच करतात, पण तो वेग आमच्यापर्यंत पोहोचतो तो असं कुणी अंग चोरून उभं राहिल्यामुळे. ते आम्हाला जमतं, हे काही थोडं नाही.

आमची गाडी थांबताच मुलगी धावली. पलीकडच्या फलाटावर मोठ्या गाडीची दारं मिटली आणि काचेआड ती धापा टाकत हात हलवताना दिसली.

"चढली बाई एकदाची," काकू म्हणाल्या. "आता उत्तरंही अशीच पटापट दे म्हणावं."