कनकीचा घास

ज्या आठवड्याबद्दल मी लिहिते आहे, त्या आठवड्यात मी रोज पहाटे उठून बाळकृष्णाला आंघोळ घालत होते, तुळस वाहत होते, आणि त्याच हातांनी दाराला कडी लावून मांजरीला घरात कोंडत होते. ती माझ्या जावेच्या दारात जाऊ नये म्हणून. मांजर उपाशी होती, हे मला दिसत होतं. तरी मी कडी काढली नाही. हे लिहिताना आजही हात अडतो, पण अनुभव सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

आम्ही तुमसरला राहतो. अंगण एक आणि बिऱ्हाडं दोन. एका बाजूला मी एकटी, समोर माझे धाकटे दीर, त्यांची बायको रेखा आणि त्यांची तीन मुलं. मला मूल झालं नाही. रेखाच्या तिन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू मीच वळले, आणि प्रत्येक लाडू वळताना माझ्या मनात काय चाललं होतं ते त्या बाळकृष्णालाच ठाऊक. वरून मी हसत होते. सगळे म्हणत, अशी मोठी जाऊ मिळायला भाग्य लागतं.

माझे यजमान राइस मिलमध्ये मुकादम होते. पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सायकलला लटकवलेल्या पिशवीतून त्यांनी मांजरीचं एक पिल्लू आणलं. तांदळाच्या कण्यांच्या पोत्यांमागे सापडलेलं. आमच्याकडे कण्यांना कनकी म्हणतात, म्हणून तिचंही नाव कनकी पडलं. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे परतले, आणि घरात दोनच जीव उरले, मी आणि कनकी. मी देवापुढे बसले की ती माझ्या पदरावर येऊन बसायची. मला वाटायचं, इतकं तरी देवानं माझं एकटीचं ठेवलं.

मग हळूहळू ती रेखाकडे जायला लागली. केव्हापासून, ते मला कळलंच नाही. रेखा चुलीपाशी बसून "कनू, ये वं" अशी हाक मारायची आणि माझ्या मांडीवर झोपलेली मांजर कान टवकारून उठायची. मी हाक मारली तर फक्त शेपटी हलायची. रेखा तिला कधी मासोळीचं डोकं द्यायची, कधी दुधात कुस्करलेली पोळी. मी माझ्या खिडकीतून बघायची. नवरा, तीन मुलं, भरलेलं घर आणि वर माझी मांजरही. माझ्या छातीत असं काही जळायचं की पोथीतली ओळ पुढे सरकायची नाही.

श्रावण लागला. रेखाच्या घरी महिनाभर मांस-मच्छी बंद. माझ्या मनात आलं, आता माझी पाळी. माझ्या गळ्यात वीस वर्षांपासून तुळशीची माळ आहे. मासे मी कधी हातात धरले नव्हते. पण श्रावण संपता संपता एका दुपारी पदर कपाळापर्यंत ओढून मी बाजारात गेले आणि नदीच्या लहान मासोळ्या घेऊन आले. माळ काढली, देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि परसात जुन्या शेगडीवर मासोळ्या उकडल्या. कनकीनं अधाशासारख्या खाल्ल्या. दुपारभर ती माझ्या मांडीवर घुरघुरत पडली होती. संध्याकाळी रेखानं दोनदा हाक मारली, पण ती हलली नाही. मला किती आनंद झाला! मग उरलेल्या दोन मासोळ्याही तिला घालून मी डोक्यावरून आंघोळ केली, माळ घातली आणि दिवा लावला.

दुसऱ्या दिवसापासून कनकीचं खाणं बिघडलं. भूक नव्हती असं नाही. ताटलीचा आवाज झाला की ती धावत यायची, पायात घोटाळायची, ओरडून ओरडून मागायची. ताटली ठेवली की तोंड घालायची, एक घास घ्यायची, आणि कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखी किंचाळून मागे पळायची. मान वाकडी करायची, पंजानं तोंड ओरबाडायची. थोड्या वेळानं पुन्हा ताटलीपाशी येऊन अन्नाकडे बघत बसायची. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबायची. मी दूधभात दिला, भात मऊ कुस्करून दिला, तुपाचं बोट चाटवलं. काहीच जमेना. तोंड उघडून बघायला गेले तर तिनं माझ्या मनगटावर ओरखडे काढले.

आणि मी काय केलं? शेजारणीला सांगितलं, "रेखानं काहीतरी चारलं असन." हे सांगताना मला खरंच तसं वाटत होतं. आपण केलेलं आपल्याला दिसत नाही, अशी सोय मनात असते.

चौथ्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर कनकी रेखाच्या ओट्यावर होती. रेखानं तांदळाची पातळ पेज केली होती. ती बोट पेजेत बुडवायची आणि मांजरीच्या ओठाच्या एका कोपऱ्याला लावायची. मांजर कण्हत कण्हत का होईना, चाटत होती. माझ्याकडे चार दिवसांत एक घास गेला नव्हता, आणि हिच्याकडे जात होता! मी तरातरा अंगण ओलांडलं, मांजर उचलली, घरी आणली आणि कडी लावली.

रेखा वाटी घेऊन मागोमाग दाराशी आली. "ताई, थोडीशी पाजू द्या नं जी. लई भुकेली आहे ते."

मी आतूनच म्हणाले, "खाते नं माह्याकडे. तू नको चिंता करू."

ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. मी तेच उत्तर दिलं. पोळा आला. रेखाची मुलं पुरणपोळी घेऊन आली, ती मी दारातच घेतली. आत कनकी पाण्याच्या भांड्यापाशी पडून होती. तिच्या पाठीचा कणा हाताला लागत होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, मी बाळकृष्णाला लोण्याचा नैवेद्य दाखवला. डोळे मिटून हात जोडले होते. काहीतरी सरकल्याचा आवाज आला म्हणून पाहिलं, तर कनकी फरशीवरून पोट घासत नैवेद्याच्या वाटीपर्यंत आली होती. तिनं लोण्याला जीभ लावली, ओरडली आणि तिथेच देवापुढे आडवी झाली. वाटी कलंडली. मी बाळकृष्णाकडे पाहिलं. भंडाऱ्याच्या बाजारातून यजमानांनी आणलेली ती पितळेची लहानशी मूर्ती, एक हात पुढे केलेली. वीस वर्षं मी त्या हातावर लोणी ठेवते आहे. त्या दिवशी मला त्या हाताकडे बघवेना.

मी मांजरीला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि निघाले. तुमसरचा जनावरांचा दवाखाना सुट्टीमुळे बंद होता. भंडाऱ्याला मोठा दवाखाना आहे, म्हणून एसटी धरली. रेखाला सांगितलं नाही. त्या वेळीही नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यातही सुट्टीचा शुकशुकाट. फाटकाजवळचा माणूस म्हणाला, "साहेब कारध्याले बैल पाहाले गेले. आत्ता जासान तं भेटतील." ऑटो करून मी पुलापलीकडे कारध्याला पोचले, तर डॉक्टर बैलाला सुई देऊन केव्हाच दुसऱ्या गावी निघून गेले होते. गल्लीत मुलं लाकडी नंदीबैल ओढत होती, झांजा वाजत होत्या. टोपलीतून आवाज येणं थांबलं होतं.

पुढे जायला जागा नव्हती, म्हणून मी नदीच्या घाटावर जाऊन बसले. वैनगंगा गढूळ, काठोकाठ वाहत होती. टोपलीचं झाकण उघडायची हिंमत होईना. मनात प्रार्थनाही येईना. एवढंच आलं की, देवा, माझ्याच्यानं होत नाही आता, तू बघ.

दोन पायऱ्या खाली एक म्हातारी मासोळ्यांची पाटी धूत होती. काळीसावळी, किडकिडीत, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिनं वळून विचारलं, "काय आहे वं बाई टोपलीत? कोंबडी का?"

"मांजर आहे."

"मंग रडून काहून राहिली?"

मी सांगितलं. भूक आहे पण खाता येत नाही, घास घेतला की किंचाळते, आठ दिवस झाले. म्हातारीनं पदराला हात पुसले आणि वर आली.

"मासोळी खाल्ली का हिनं?"

गळ्यात माळ होती. समोर नदी होती. मी म्हणाले, "माही जाऊ चारते तिले."

म्हातारीनं डोक्यावरची चुंबळ सोडली, ते फडकं झटकलं आणि कनकीला त्यात मानेपर्यंत गुंडाळलं. कमरेच्या पिशवीतून पायातले काटे काढायचा लहान चिमटा काढला. "धर घट्ट. आता दया नको करू." तिनं अंगठ्यानं मांजरीचा जबडा उघडला, उजेडाकडे केला, आणि मी डोळे मिटायच्या आत चिमटा आत गेला आणि बाहेरही आला. कनकीनं एकच किंकाळी फोडली. चिमट्याच्या टोकाला एक बारीक, पिवळा पडलेला काटा होता.

"पाहा. टाळूत आडवा बसला होता, इकडच्या दाढेपासून तिकडच्या दाढेपर्यंत. आठ दिवसांचा तं असनच." तिनं काटा पाण्यात टाकला. "तुह्या जावेले सांग, काटे काढून चारत जाय म्हणा."

आठ दिवस. श्रावणात रेखाच्या घरी मासोळी शिजलीच नव्हती. माझ्या परसातली शेगडी, खिळ्याला अडकवलेली माळ, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी म्हणाले, "जावेनं नाही चारली. मी चारली."

मला वाटलं, आता ही माझ्या माळेकडे बघेल, काही बोलेल. म्हातारी चुंबळ पुन्हा डोक्यावर बसवत म्हणाली, "मंग तुलेच सांगते. काटे काढून चारत जाय."

इतकंच. तिनं ओंजळीत पाणी घेऊन कनकीपुढे धरलं, आणि मांजर ते चाटायला लागली. आधी भीत भीत, मग भराभरा. म्हातारीनं पाटी उचलली आणि ती घाट चढून गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. टोपली घेऊन मी माझ्या दाराऐवजी समोरच्या दाराशी गेले. रेखा पोरांचे नंदीबैल कोनाड्यात ठेवत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मासोळ्या आणल्या ते, माळ काढली ते, शेजारणीपाशी तिचं नाव घेतलं ते. कडी लावली तेही.

रेखानं टोपली माझ्या हातातून घेतली. कनकीला मांडीवर घेऊन ती खाली बसली. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मासोळीचं मले माहीत होतं, ताई. श्रावणात वास लपते का? पोरं विचारून राहिली होती, मोठी आई काय रांधून राहिली म्हणून. मी म्हटलं, पल्याडच्या घरून येऊन राहिला वास."

"मंग मले काहून नाही बोलली?"

"काय बोलू जी? तुमच्या घरात तेवढीच एक आहे." आणि मग तिचा आवाज चढला. "पण कडी नव्हती लावायची. तीन दिवस वाटी घेऊन उभी राहिली मी." तिचे डोळे भरून आले होते. मला क्षमा मागायची होती, पण ते शब्द फार लहान वाटले. मी चुलीपाशी जाऊन पेज टाकली.

दुसऱ्या दिवशी तुमसरच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, औषध दिलं. टाळूला जखम होती, सडायला लागली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर वाचली नसती, असं ते म्हणाले. जखम भरेपर्यंत आठ-दहा दिवस पातळच द्यायचं होतं, आणि ते एका माणसाच्यानं होणारं काम नव्हतं. एकीनं मांजर फडक्यात धरायची, मान वर करायची, दुसरीनं पेज भरवायची. मी धरायची, रेखा भरवायची. दिवसातून चार वेळा आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून ओट्यावर बसायचो. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून इतक्या जवळ आम्ही कधी बसलो नव्हतो. एकदा पेज मांजरीनं फुरकन उडवली आणि दोघींच्या तोंडावर आली. रेखा हसली, मीही हसले, आणि त्या हसण्यात मला काही लपवायचं नव्हतं.

पुढे दिवाळीनंतर मी कारध्याला गेले. घाटावर ती म्हातारी पाटी घेऊन बसलेली दिसली. मी पाया पडले, आठवण करून दिली. ती माझ्याकडे बघत राहिली. "कोणती मांजर वं बाई? मी तं लई मांजरीचे काटे काढले." मी तिला लुगडं नेलं होतं. तिनं ते हातानं चाचपून पाहिलं, चांगलं आहे म्हणाली आणि पाटीखाली ठेवलं. तिला काही आठवलं नाही, याचं मला वाईट वाटलं नाही. उलट परतताना एसटीत वाटलं, देणाऱ्याला लक्षातही राहत नाही इतकं सहज दिलेलं मी घेऊन आले आहे.

कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणो. डॉक्टर भेटले असते तर काटा त्यांनीही काढला असता. पण मी खोटं बोलले होते हे कळल्यावरही मला तसंच, त्याच आवाजात, काटे काढून चारत जा असं कुणी सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही. बाळकृष्णापुढे बसले की त्या म्हाताऱ्या बाईचे ओले हात आठवतात आणि माझे हात आपोआप जुळतात.

मत्सर गेला, असं मी लिहिणार नाही. ते खरं नाही. परवाच रेखाच्या मोठ्या मुलीला पाहायला पाहुणे आले, आणि तिचं कौतुक ऐकताना माझ्या आत ती जुनी आच लागलीच. पूर्वी मी ती देवापासून लपवायची. आता पूजेला बसले की आधी तीच सांगते, देवा, आज पुन्हा जळाले. सांगितलं की ती माझ्या एकटीची राहत नाही.

कनकी आता चांगली खाते. सकाळी दार उघडलं की ती अंगण ओलांडून पहिल्यांदा रेखाकडे जाते. मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसते आणि तिला जाऊ देते.