हाक न देता लावलेलं विरजण

ओडमुंडला त्याच्या बिअरची कृती कुणीही विचारावी, तो लगेच सांगतो. ज्युनिपर या डोंगरातल्या सुवासिक झुडपाच्या कोवळ्या फांद्या पाण्यात उकळायच्या. पाणी तांबूस झालं की त्यात मोड आणून वाळवलेल्या जवाचं माल्ट भिजवायचं, गोड रस गाळून घ्यायचा आणि अर्धा दिवस आटवायचा. हॉप्सची कडू फुलं मूठभर, फडक्यात बांधून. "हॉप्स घालायचे ते बिअर टिकावी म्हणून," तो म्हणतो, "पिणाऱ्याचं तोंड वाकडं व्हावं म्हणून नाही." हॉप्सचा वेल त्याच्या रिकाम्या गोठ्याच्या उन्हाच्या बाजूच्या भिंतीवर चढलेला आहे. फुलं बोटांत चुरल्यावर कागदासारखी वाजली पाहिजेत आणि बोटांना पिवळी पूड लागली पाहिजे. त्याआधी तोडली तर बिअरला गवताची चव येते.

मग यीस्ट. ते आमच्या खोऱ्यात विरजणासारखं असतं, ज्याचं त्याच्या घरचं. मागच्या बिअरच्या तळाचा साका कागदावर पसरून वाळवायचा आणि पुढच्या खेपेला त्याच्या कपच्या कोमट रसात सोडायच्या. दुकानातल्या पाकिटातलं यीस्ट बहुतेक थंडाव्यात काम करतं, याला मात्र अंगाची ऊब लागते. मी धरणावर यंत्रं बघते, त्यामुळे मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा थर्मामीटर बुडवला तर पारा चाळिसाच्या जरा खाली थांबला. ओडमुंड नुसतं कोपर बुडवून बघतो, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं.

आणि विरजण सोडताना ओरडायचं. पोटातून, जीव खाऊन. नाही ओरडलं तर बिअर मिळमिळीत होते म्हणतात. ओडमुंड आणि त्याची बायको सिन्नोवे दोघं मिळून ओरडायची. त्याचा आवाज खाली घुमायचा, तिचा वर चिरत जायचा आणि मग दोघं पिंपाला धरून हसत सुटायची.

सिन्नोवे गेली त्यानंतर त्याने तीनदा बिअर केली. अंगणापलीकडच्या जुन्या भट्टीघरात, जिथे दोघं बिअर करायची, त्याला जाववेना. मुलगी राग्ना बर्गेनला असते, तिने विजेवर चालणारं मोठं भांडं पाठवलं. ते त्याने तळघरात मांडलं. माल्ट गावातल्याच दुकानातून आणलं, सगळ्यांच्या देखत. विरजण सोडायची वेळ आली तेव्हा तो पिंपावर वाकला, तोंड उघडलं आणि मिटलं. एकट्याने तळघरात ओरडायचं म्हणजे वेड्यासारखंच दिसणार, बघायला कुणी नसलं तरी. विरजण त्याने गुपचूप सोडलं.

बिअर तयार झाली की संध्याकाळी शेजारीपाजारी चव बघायला येतात. त्यांना बोलवायचं नसतं. बोलावणं म्हणजे माझं कौतुक करा म्हणून हात पसरणं. तेव्हा ओडमुंडने फक्त टेबल पुसलं, लाकडी वाडगा धुतला, खारवलेल्या मटणाचे काप केले आणि बसला. कुणी आलं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला त्याने टेबल पुसलं, पण मटण कापलं नाही. निम्मी बिअर आंबली ती ओढ्यात ओतली.

मग त्याच्या मनाने एक गोष्ट धरली. लोक इतकी वर्षं येत होते ते सिन्नोवेसाठी. तिच्या हसण्यासाठी, तिच्या नकलांसाठी. हा आपला कोपऱ्यात बसून वाडगा भरणारा. त्याच्यासाठी कोण येणार? त्याने ठरवलं, या नाताळाला शेवटची बिअर करायची. तेव्हाही कुणी आलं नाही तर साका वाळवायचा नाही, तोही ओढ्यात. त्याच्या आजीच्या आजीपासून त्या घरात चालत आलेलं विरजण होतं ते.

हे त्याने राग्नाला सांगितलं नाही. ती दर रविवारी फोन करायची. "कसा आहेस बाबा?" "बरा." "जेवलास?" "हो." "आणखी काय?" "बर्फ." एवढंच.

डिसेंबरच्या सुरुवातीला नदीपलीकडची बोर्गहिल्ड आली. ती दारातच बूट आपटत उभी राहिली.

"आत ये, नाहीतर दार लाव. डोंगर तापवायचा नाहीये मला," ओडमुंड म्हणाला.

"मागायला आलेय, म्हणून दारात उभी आहे. माझं विरजण नासलं. व्हिनेगरसारखा वास मारतंय. तुझ्याकडे काही जुनं वाळलेलं उरलंय का? तू आता करत नाहीस ते माहितेय मला, पण कपच्या असतील कुठे डब्यात..."

"करत नाही? कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं?"

"तीनदा केली मी! तीनदा! टेबल पुसून बसलो होतो. तुमच्यापैकी एकाचे पाय इकडे वळले नाहीत."

बोर्गहिल्ड त्याच्याकडे बघत राहिली. "कधी केलीस? आम्ही तर कधी ऐकलं नाही."

"काय ऐकायचं होतं?"

"अरे देवा, ओडमुंड! तू ओरडलास का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"नदीपलीकडे आम्हाला दुसरं काय कळतं? तुम्ही दोघं ओरडलात की माझा नवरा म्हणायचा, चला, परवा घसा ओला करायला जायचं. ओरडणं नाही म्हणजे बिअर नाही. आम्हाला वाटलं तू सोडलंस. दुःखात आहे माणूस, कशाला टोचायचं? म्हातारा आस्लाक तर म्हणाला, त्याच्यासमोर बिअरचं नावही काढू नका."

"दुकानात माल्ट घेतलं मी. सगळ्यांनी बघितलं."

"गाईंसाठी असेल म्हटलं."

"माझ्याकडे गाई नाहीत, बोर्गहिल्ड."

"मला काय माहीत! इतक्यात आलेय का मी इथे?" हे बोलून ती स्वतःच ओशाळली. मग आत आली, दार लावलं आणि न विचारता खुर्ची ओढली.

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. म्हणाला, "एकट्याने ओरडायचं म्हणजे कसं दिसतं ते."

"वाईट दिसतं," बोर्गहिल्ड म्हणाली. "पण दिसतंय कुणाला? आम्हाला फक्त ऐकू येतं. माझ्या वाटणीचं विरजण राखून ठेव."

पुढच्या आठवड्यात त्याने भट्टीघराचं दार उघडलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या. सिन्नोवेचा ॲप्रन खिळ्याला होता तसाच होता, तो त्याने काढला नाही, त्याच्या बाजूने वाकून जात राहिला. चूल पेटवली, रस आटवला, निवू दिला, कोपर बुडवून पाहिलं. विरजण हातात घेऊन पिंपाजवळ उभा राहिला. पहिल्यांदा घशातून नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा आवाज निघाला, पण शेळीसारखा कापरा. मग त्याने डोळे मिटले.

मी तेव्हा धरणाच्या भिंतीवर होते. तो आवाज पाण्यावरून आला आणि माझ्या हातातला पाना थांबला. एकच आवाज होता, खालचा. वरचा येईल म्हणून मी थांबले, आणि मग माझं मलाच कळलं की तो येणार नाही.

बिअरच्या दिवशी आम्ही गेलो. बोर्गहिल्ड आणि तिचा नवरा, नव्वदीला टेकलेला आस्लाक आणि मी. एवढेच. ओडमुंडने भट्टीघराचं दार उघडलं आणि आमच्या मागे आणखी कुणी आहे का ते पाहिलं नाही.

आस्लाकने वाडगा तोंडाला लावला, गिळलं, डोळे मिटून बसला. "हॉप्स कमी."

"तुझी जीभ कमी," ओडमुंड म्हणाला. "एवढेच घालतो मी, जन्मापासून."

"जन्मापासून कमी घालतोयस."

सगळे हसले. वाडगा फिरला. मटण संपलं, कुरकुरीत पातळ भाकरी आली. बोर्गहिल्डच्या नवऱ्याने भांड्यातलं तापमान, माल्टची जात, फांद्यांना फळं होती की नव्हती, सगळं विचारलं आणि ओडमुंड सांगत गेला. पिंपाजवळचं बाकडं मात्र रिकामं होतं. जागा कमी होती, मी जमिनीवर बसले होते, तरी त्या बाकड्यावर कुणी बसलं नाही.

मध्येच आस्लाक म्हणाला, "सिन्नोवे असती तर तिने माझी नक्कल केली असती. हॉप्स कमी, म्हणत."

मग ओडमुंडने ओठ आत ओढले, मान कापरी केली आणि आस्लाकच्या आवाजात म्हणाला, "हॉप्स कमी." नक्कल वाईट होती. सिन्नोवेच्या नखाचीही सर तिला नव्हती. आस्लाक इतका हसला की त्याला ठसका लागला.

आम्ही गेल्यावर ओडमुंडने एकट्याने वाडगा धुतला. पिंपाच्या तळाचा साका काढला, निम्मा बोर्गहिल्डसाठी बरणीत भरला, निम्मा कागदावर पसरून चुलीच्या वर ठेवला. भट्टीघर लवकरच पुन्हा गार पडलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. राग्नाचा फोन आला.

"बाबा, आवाज किती बसलाय तुझा! सर्दी झाली?"

"नाही."

"मग? बर्फात भिजलास?"

"नाही गं," तो म्हणाला. "बोललो."