हयसून जातली

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. तुमच्याकडे ती अतिवेगवान गाडी बांधावी की बांधू नये, यावरून. शेवटी माझ्याकडे वळून म्हणालात, "आजी, तू सांग." मला तेव्हा एक माणूस आठवला. त्याला पाहिलेली माणसं आता गावात फारशी उरली नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

ते उजवा हात खांद्याइतका वर घेत, तळवा आडवा धरत आणि हवेत एक सरळ रेघ ओढत. "हयसून जातली." इथून जाणार. काय, हे विचारायची गरज नसे. रेल्वे.

गाव त्यांना दादा म्हणे. आमच्या शाळेच्या कमिटीचे ते प्रमुख, आणि मी तिथे इंग्रजी शिकवायची. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बिऱ्हाडावरून हात फिरवला. "बाईनू, तुमच्या न्हाणीतसून जातली."

"मग आंघोळ कधी करायची ते वेळापत्रक बघून ठरवीन," मी म्हटलं. ते हसले नाहीत. रेल्वेवर ते कधीच हसत नसत.

पन्नास सालानंतर केव्हातरी मोजणीची माणसं आली होती, दुर्बीण आणि झेंडे घेऊन. दादांनी त्यांना कोंबडी-वडे खाऊ घातले, ओटीवर झोपवलं. ती माणसं चुना फासलेले चार दगड पुरून गेली. ती पुन्हा आली नाहीत, पण दादांच्या तोंडी रेल्वे कायमची राहिली.

गंमत अशी, की ती दादांच्या मर्जीप्रमाणे वळायची. ज्याच्याशी बरं, त्याच्या दाराशी स्टेशन. ज्याच्याशी वाकडं, त्याच्या माजघरातून रूळ. माणसं केळ्यांचे घड घेऊन येत. "दादानू, जरा वायच बाजूक सारा." दादा घड ठेवून घेत. "बघूया. सायबाक सांगान बघतंय."

येसू म्हणून एक विधवा होती, मासे विकायची. तिच्याकडे द्यायला काही नव्हतं, वर तिची जीभ तिखट. दादांनी तिच्या चुलीवरूनच रूळ नेले. दर उन्हाळ्यात ती विचारायची, "दादानू, घर शाकारू?" आणि दर उन्हाळ्यात उत्तर तेच, "कित्याक गो? मोडूचाच आसा. गवत फुकट जातला." घर पाडणारच, तर छपरावर गवत कशाला? तिला ते खरं वाटलं. कितीतरी पावसाळे ती गळक्या छपराखाली मडकी मांडून बसली. आम्ही सगळे हे बघत होतो, आणि दादांच्या ओटीवर बसून हसतही होतो.

आमच्या गावात आणि एसटीच्या रस्त्यात एक व्हाळ आहे. उन्हाळ्यात दगडांवर पाय ठेवत ओढा ओलांडायचा. पावसाळ्यात मात्र त्याचं तांबडं पाणी माणसाला उभं राहू देत नसे. तालुक्याचा साहेब एकदा मुद्दाम आला. सरकार लाकूड-लोखंड देईल, गावानं श्रमदान करावं, आणि दादांनी दोन्ही काठांची हातभर जमीन सोडावी, की साकव झाला. माणसं जातील एवढा लहान पूल.

दादा कचेरीतलं मराठी काढून बोलले. "आम्हाला साकव नको. आमच्या गावाला रेल्वे मंजूर आहे."

"मंजूर? कधी झाली?"

"होणार आहे, म्हणजे मंजूरच."

साहेब गेल्यावर ते आमच्याकडे वळले. "साकव मागलात तर साकवच गावतलो. थांबलात तर रेल्वेचो पूल गावतलो." लहान मागणाऱ्याला मोठं कोणी देत नाही, हा त्यांचा सिद्धांत. सगळ्यांनी माना डोलावल्या. जमीन त्यांची होती.

त्यांची एकुलती लेक माझी विद्यार्थिनी. कणकवलीला दिली होती. दिवस गेले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी थंयच रवतंय. दवाखानो लागी आसा." दादा ऐकतात कसले? पहिलं बाळंतपण माहेरीच. पाऊस धरायच्या आत तिला आणली.

श्रावणात एका सकाळी मुलगी झाली. बाळ खणखणीत रडलं, पण लेकीचं रक्त थांबेना. सुईणीनं हात टेकले. पलीकडच्या काठावर एक माणूस दिसला, त्याला ओरडून डॉक्टरकडे पिटाळलं, आणि खुर्चीला बांबू बांधून पोरीला व्हाळावर नेली. व्हाळ दोन्ही काठ भरून चालला होता. एक पोहणारा दोर घेऊन उतरला, त्याला पाण्यानं आमच्याच काठावर आणून आपटला.

दुपारी डॉक्टर आला. पलीकडे. छत्री, बॅग, ओला चष्मा, सगळं दिसत होतं. तो ओरडत होता आणि पाण्याच्या आवाजात एक अक्षर कळत नव्हतं. मग त्यानं छत्री टाकली आणि स्वतःच्या पोटावर मूठ गोल गोल फिरवून दाखवू लागला. चोळा, जोरानं चोळा. मी सुईणीला सांगितलं. ती चोळत होती, तो पलीकडून चोळून दाखवत होता. बऱ्याच वेळानं सुईणीनं मान हलवली. डॉक्टरला ते दिसलं नसावं. तो आणखी थोडा वेळ मूठ फिरवतच होता.

गर्दीतून येसू पुढे आली. "दादानू, दाखवा बघू. हयसून कशी जातली?"

तिला कोणी गप्प केलं नाही. आणि दादांचा हात, सवयीनं, अर्धा वर गेला.

पुढच्या उन्हाळ्यात गावानं साकव बांधला. दादांना विचारलं नाही, त्यांच्याच जमिनीत खांब पुरले. ते ओटीवरून बघत राहिले. साकवावर मात्र कधी चढले नाहीत.

तुम्हाला वाटेल, रेल्वेचं नाव तरी सोडलं असेल. उलट ते जास्तच बोलू लागले. गाडी येणारच नसेल, तर लेक कशापायी गेली, याचं उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं. गावानं हे ओळखलं आणि त्याचा खेळ केला. येता-जाता कोणीही विचारी, "दादानू, गाडी खंय पावली?" ते गंभीरपणे सांगत, "पनवेलीक इली." माणसं वळणापर्यंत जात आणि तिथे पोट धरून हसत. मूल गेलेल्या माणसाला गाव किती वर्षं चिडवू शकतं, हे मी तेव्हा पाहिलं.

मग एका उन्हाळ्यात येसू पुन्हा आली. मी ओटीवर होते. तिच्या आवाजात थट्टा होती की नाही, मला आजही सांगता येत नाही. "दादानू, घर शाकारू?"

 दादा म्हणाले, "शाकार."

"आणि गाडी?"

"शाकार म्हटलंय मां!"

तिनं घर शाकारलं. त्यानंतर गाडी कुठे पोचली हे त्यांना कोणी विचारलं नाही. विचारण्यात मजा उरली नव्हती. दोनेक वर्षांनी ते गेले. जावई आला नाही, नातीलाही पाठवलं नाही.

रेल्वे पुढे खरंच आली, खूप वर्षांनी आणि आमच्या गावापासून बरीच आत. मी तिच्यातून प्रवास केला आहे. पूल उंच आहेत, बोगदे लांब आहेत, आणि मला ती फार आवडते. तेव्हा तुमची गाडी बांधू नका असं मी म्हणणार नाही. ती येईपर्यंत गावाला काय काय नाकारलं जातंय, तेवढं मात्र बघा.

चुन्याचे दगड केव्हाच कोणाच्या तरी कुंपणाच्या गडग्यात गेले. साकव आहे. आता तो सिमेंटचा आहे, आणि पावसाळ्यात त्याच्यावरून रिक्षा जाते.