मधलं की टॉप

आमचे मुकुंदराव वाईट नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं बोलता बोलता माझ्या तोंडून काय निघेल त्याचा भरवसा नाही. आठ-नऊ महिने या माणसापायी मी रोज दातओठ खाल्लेत.

चौतीस वर्षं त्यांनी मशीनच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली. तयार झालेला भाग टेबलावर यायचा, हे मोजायचे आणि पास की नापास ते ठरवायचे. नियम एकच. कुठलंही माप तीनदा घ्यायचं, तेही वेगवेगळ्या वेळी. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. वरचे साहेब "सोडा की हो राव" म्हणून मागं लागायचे, पण तिसरं माप झाल्याशिवाय यांची सही नाही. त्यापायी एक बढती गेली. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण कारखान्यातला नियम घरात आला की काय होतं ते मला विचारा. मिक्सर घ्यायला पाच महिने लागले. लेकीचं नाव काव्या ठेवायचं हे शाळेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा ठरलं, तोवर ती नुसती बाळ. मला बघायलासुद्धा हे तीनदा आले होते! माझी आई कस्तुराबाई तेव्हा हसून म्हणाली होती, "तीनदा आलाय, आता हा कुठं जात नाही."

आई देवनहळ्ळीला असते, माझ्या धाकट्या भावाकडं, रघुजीकडं. आम्ही बेंगळुरात, बसवनगुडीत. म्हणजे गावाच्या या टोकाला आम्ही आणि त्या टोकाच्याही पलीकडं ती. दोन बस बदलून जायचं, अडीच तास. कॅब बोलवली तर ड्रायव्हर फोनवर विचारतो, एअरपोर्ट का? नाही, देवनहळ्ळी गावात, म्हटलं की फोन बंद आणि कॅबही रद्द. माझे गुडघे काही विशीतले नाहीत. तरी महिन्यातनं दोनदा मी जात होते.

जानेवारीत रघुजी आईला डॉक्टरांकडं घेऊन गेला. ती विसरायला लागली होती. डॉक्टरांनी साफच सांगितलं, हळूहळू माणसंही विसरतील, किती महिन्यांत ते सांगता येत नाही, ओळखतात तोवर वरचेवर भेटत राहा. त्याच महिन्यात मला लायसन्स मिळालं होतं. पंचावन्नाव्या वर्षी! आमच्या घराण्यात कुणा बाईनं कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आईला सांगितलं तर तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं, "माझी लच्ची गाडी चालवते. मला फिरवायला येणार आहे, आपल्या गावच्या किल्ल्याभोवती. मी पुढं बसणार." मला एवढंच हवं होतं. आई माझ्या शेजारी बसावी, आणि चालवतेय ती आपली लच्ची आहे हे तिला कळत असावं. घाई होती ती त्याचीच.

मुकुंदरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते हायवेला गाडी काढत नाहीत. जुनी गाडी होती, पण मी चार फूट दहा इंच. तिच्या सीटवर बसले की मला समोर फक्त स्टिअरिंग दिसायचं. त्यात जानेवारीत चांगलं गिऱ्हाईक आलं आणि यांनी ती विकून टाकली. "नवी काय, महिन्याभरात येईल," म्हणाले. मी विश्वास ठेवला. एवढा संसार करूनही ठेवला, म्हणजे माझीच कमाल!

शोरूममध्ये पवनकुमार नावाचा मुलगा भेटला. भालकीकडचा, मराठी बोलणारा. आम्हाला बघून त्याला इतका आनंद झाला, बिचाऱ्याला पुढचं काही माहीत नव्हतं. उंच बसकीची पण छोटी अशी गाडी आम्ही ठरवूनच गेलो होतो. पण हल्ली एक गाडी म्हणजे एक गाडी नसते. बेस, त्याच्यावर मधलं, मधलं प्लस, टॉप, टॉपच्याही वर अजून एक. एकाच गाडीची अकरा मॉडेलं! पवनकुमार म्हणाला, "काकू, तुम्ही चालवणार ना? मग ड्रायव्हरची सीट वरखाली होणारी पाहिजे. बेसमध्ये नाही, मधल्यापासून पुढं सगळ्यात आहे."

मी मधल्यात बसले. दांडी ओढली, सीट वर आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बॉनेटचं टोक दिसलं. म्हटलं, हीच. पाच मिनिटांत काम झालं होतं.

तेवढ्यात मुकुंदरावांनी पिशवीतून स्टीलची पट्टी आणि वही काढली.

मग तक्ता सुरू झाला. बेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीला पाचपैकी गुण. मधल्यात अमुक नाही, टॉपमध्ये तमुक आहे. टॉपला चारी बाजूंनी कॅमेरा. टॉपची सीट खालून गार हवा सोडते. मी विचारलं, बेंगळुरात बसल्याजागी गार हवा कशाला हवी हो? यांनी "गरज" अशी नवी ओळ काढली. काव्या एचएसआर लेआउटमध्ये राहते, तिथल्या स्टार्टअपमध्ये नोकरी करते. तिनं फोनवरून आगीत तेल ओतलं. "अप्पा, सनरूफ नसलेली गाडी आजकाल कोण घेतं?" सनरूफ म्हणे! सिल्क बोर्डच्या सिग्नलला डोकं वर काढून मी काय धूर खाऊ?

प्रत्येक मॉडेल तीनदा बघायचं हे ओघानं आलंच. सकाळच्या उन्हात स्क्रीन दिसते का, दुपारच्या उन्हात दिसते का, संध्याकाळी डोळ्यांवर येते का. पवनकुमार आधी कॉफी आणायचा, मग पाणी आणायचा, मग आम्ही दिसलो की त्याला आत काहीतरी काम निघायला लागलं. मी त्याला दोष देत नाही. मलाही आत काहीतरी काम असतं तर मीही गेले असते.

एकदा मी वही उघडून बघितली. "ड्रायव्हर सीटची उंची" सदतिसाव्या ओळीत. गुण, एक.

"एकच?" मी विचारलं.

"अगं, ती सोय झाली. सुरक्षा नव्हे."

"अहो, मला रस्ताच दिसला नाही तर तुमच्या सुरक्षेचं काय होईल?"

त्यांनी खरंच विचार केला. पेन्सिलीनं खोडलं आणि दोन केले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

मार्चमध्ये मी गेले तेव्हा आई फाटकाशी उभी होती. "लच्ची, गाडी कुठंय?" म्हटलं, येतेय. मे महिन्यात तिनं मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, मग स्वतःच जीभ चावली आणि दोघी हसलो. जुलैत तिनं माझ्याकडं खूप वेळ बघितलं आणि विचारलं, "लच्चीच ना तू?" त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी रडले. घरी येऊन मुकुंदरावांना सांगितलं तर त्यांनाही भरून आलं. खरंच आलं. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "मधल्याला एकशे सदुसष्ट आणि टॉपला एकशे अडुसष्ट झालेत. एका गुणाचा फरक म्हणजे मोजण्यातली चूकसुद्धा असू शकते. एकदा परत बघावं लागेल."

ऑगस्टमध्ये कंपनीनं नवंच मॉडेल काढलं, मधलंच पण सनरूफवालं. बातमी ऐकून या माणसाचा चेहरा असा खुलला म्हणता! "बरं झालं थांबलो," म्हणाले आणि वहीचं नवं पान उलटलं.

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, तुमचा तक्ता पुरा होईल तेव्हा माझी आई मला ओळखत नसेल, मग त्या छपरातून डोकं काढून कुणाला हाका मारू?  दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी रिक्षा करून शोरूमला गेले.

पवनकुमार दाराकडं बघत म्हणाला, "काकू, सर...?"

"सर मोजतायत. तुम्ही लिहा. मधलं, बिनसनरूफचं, पांढरं."

"सरी काकू, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणत तो इतक्या जोरात पळाला की त्याचा पेन तिथंच राहिला. पण परत आला तो तोंड पाडून. मधल्यालाच सगळ्यात जास्त मागणी, सहा आठवडे थांबावं लागेल. जानेवारीत घेतली असती तर त्याच आठवड्यात मिळाली असती. मी सही केली. घरी येऊन सांगितलं तर मुकुंदराव एवढंच म्हणाले, "नव्याचं तिसरं माप राहिलं होतं गं." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

सहाचे सात आठवडे झाले. दसऱ्याच्या आयुधपूजेच्या तोंडावर फोन आला, गाडी आली. गोदामावर बघायला गेलो तर हे टॉर्च, भिंग आणि फटीत घालायची पातळ पात्यांची चवड घेऊन तयार. दारांच्या फटी मोजल्या. टायरवरच्या तारखा उतरवून घेतल्या. चार तास! आणि शेवटी मागच्या दाराच्या खालच्या कडेला त्यांना सापडलंच. रंगाखाली अडकलेला धुळीचा कण, तिळाएवढा.

"नापास," म्हणाले.

दुसरी गाडी यायला बारा दिवस. मी तिथंच वाद घातला. म्हटलं, आई अजून ओळखतेय, त्या तिळाचं काय घेऊन बसलात? ते म्हणाले, "लक्ष्मी, आईंना पहिल्यांदा बसवायचंय तिच्यात. डागी गाडीत बसवू? आठ महिने थांबलीस, बाराच दिवस स्वल्प सोस."

आता खरं सांगायचं तर सांगते. मी गप्प बसले. नाही म्हणून किल्ली घेता आली असती, मला कुणी अडवलं नव्हतं. पण मलाही वाटलं, खरंच, आईसाठी गाडी कोरी करकरीत असावी. बारा दिवसांनी काय होतंय? म्हणजे त्या नापासवर माझीही सही आहेच. मुकुंदरावांवर चिडते त्यातला थोडा राग माझ्यावरचा असतो.

चौथ्या दिवशी आईला ताप चढला. दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रघुजीबरोबर तिथं बसून होते, ती बहुतेक झोपेतच होती. ताप उतरला, घरी आली, जेवायलाही लागली. मीही बसवनगुडीला परत आले. मग एका सकाळी रघुजीचा फोन आला. "ताई, आई मला साहेब म्हणतेय. चहा दिला तर म्हणाली, तुम्ही कशाला त्रास घेतलात, साहेब."

गाडी आली तेव्हा दसरा होऊन गेला होता. चाकांखाली लिंबं ठेवली, मी ती चिरडत गाडी बाहेर काढली, आणि रविवारी सकाळी निघालो. पुढची सीट आईसाठी रिकामी म्हणून मुकुंदराव मागं बसले. हेब्बाळच्या पुलावर मागून सारखे हॉर्न वाजत होते, पण चालवली. सगळं दिसत होतं मला, बॉनेटच्या टोकापर्यंत.

रघुजीनं आईला धरून आणलं, पुढं बसवलं, पट्टा लावला. मी म्हटलं, "आई, मी लच्ची. गाडी आणली बघ." ती हसली. ओळख नसलेल्या माणसाकडं बघून आपण हसतो, तसं.

मी किल्ल्याभोवती हळूहळू गाडी नेली. तिला मजा वाटत होती. खिडकीवर बोटं ठेवून ती बाहेर बघत होती. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा तिनं माझ्या दंडाला हात लावला.

"अक्का, छान चालवता हो तुम्ही."

अक्का! भाजीवालीला म्हणतो, शेजारच्या परक्या बाईला म्हणतो, तसं मला अक्का. मी मान हलवली. 

"अक्का, एक काम कराल? माझी लेक बसवनगुडीला असते. लक्ष्मी तिचं नाव. तिला यायला गाडीच मिळत नाही. बसनं येते बिचारी, गुडघे दुखतात तिचे. तिला घेऊन याल का?"

मी गाडी बाजूला घेतली, ब्रेक ओढला. आईनं मला पत्ता सांगितला. क्रॉस, मेन, घराचा नंबर, सगळं बरोबर. एक अक्षर चुकलं नाही.

"कधी आणाल?" तिनं विचारलं.

 मागून मुकुंदराव म्हणाले, "आत्ता. आत्ताच जातो, आई."

आईचा चेहरा उजळला. ती पट्ट्याचं बटण चाचपडायला लागली. "मग मला इथंच उतरवा," म्हणाली. "पुढची जागा तिला राहू द्या."