लेकी दिल्या कुठे?

न्युरेम्बर्गला माझे जर्मन सासरे जुन्या नोंदी चाळून, अमेरिकेला गेलेल्या पणजोबांच्या भावाचे वंशज शोधत होते. एका ठिकाणी त्यांनी हात टेकले. "शाखा संपली. पुढे नुसत्या मुलीच."

माझं डोकंच फिरलं. "अहो, संपली कशी? लेकी दिल्या कुठे ते बघा ना!" आमच्याकडे लग्नकार्यात ओळख काढतात ती लेकी-सुनांवरूनच.

मग तिकडच्या लग्नांच्या नोंदी उघडल्या आणि नातवंडं-पतवंडं भराभर सापडत गेली. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिथली एक आजी हसली, हुबेहूब सासऱ्यांसारखी.

फोन ठेवून त्यांनी वंशावळीत माझ्या नावावर पेन टेकवलं. माझी रेघ माझ्यापाशीच थांबत होती.

"आल्झो... तर मग," ते म्हणाले, "आता तुझं माहेर सांग."