उंबरावरची तेरावी पिशवी

आधीच सांगून ठेवतो, हसायचं असेल तर कॉफीचा पेला खाली ठेवून हसा. आमच्या कुंभकोणमची कॉफी नाकात गेली की फार झोंबते. आणि आज जो गाढवपणा सांगणार आहे तो असा, की आमच्या घरात जेवायला बसलं की अजून पहिल्या घासाला त्याचाच विषय निघतो.

तर पुण्याहून मृण्मयी नावाची एक मुलगी आमच्याकडे राहायला आली. उंबराच्या झाडावर संशोधन करायला. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. माझी बायको "काय जालं?" म्हणाली, की ही पोरगी कौतुकानं वहीत लिहून घ्यायची. म्हटलं, बाई गं, तू झाडावर संशोधन करायला आलीस की आमच्यावर?

अरसलार नदीच्या काठी उंबराचं एक जुनं झाड आहे. एक दिवस मला तिथं नेऊन ती सांगायला लागली.

"काका, हे फळ म्हणजे बंद खोली. फुलं सगळी आत. खोलीला बारीकसं दार. चिलटाएवढी एक माशी त्यातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात. ती आत अंडी घालते आणि तिथंच मरते. मग काही आठवड्यांनी तिच्या मुली बाहेर पडतात."

"आणि मुलगे?"

"ते जन्मतःच बिनपंखांचे. बहिणींसाठी आतून वाट पोखरतात आणि मरतात. घाबरलात का?"

"छे!" म्हटलं. दंडावरचे केस उभे होते, ते सदऱ्याच्या बाहीखाली झाकले गेले म्हणून बरं.

तिनं खोडावरच्या फळांच्या घोसांना मलमलीच्या बारा पिशव्या बांधल्या. "परवा सकाळी माश्या निघतील. उन्हं चढायच्या आत पिशव्या उतरवायच्या. मधे कोणी एक जरी गाठ सोडली, तर माझं सगळं गेलं. पुढचा बहर येईपर्यंत माझी मुदत संपते, काका." आणि दोन दिवसांच्या कामासाठी ती तंजावरला गेली. माझ्या भरवशावर! तुम्हीच सांगा, शहाण्या माणसानं असं करावं?

आता झाडाखाली दोन दिवस पहारा द्यायचा म्हणजे माझ्या गुडघ्यांनी संप केला असता. वाट तर रहदारीची. म्हटलं, पहाऱ्याला आपण कशाला? आपली जीभ बसवू या.

कोपऱ्यावर मुरुगेसनचं कॉफीचं दुकान आहे. गेलो आणि आवाज खाली आणून म्हणालो, "मुरुगेसा, त्या झाडावरच्या पिशव्यांना हात लावू नकोस रे. आतल्या एकेका खोलीत एकेक बाई आहे. आत जाताना पंख तुटतात. मग बाहेर यायची वाट नाही."

"अय्यो, राव सार! आणि गाठ सोडली तर?"

"सोडणाऱ्याच्या कानात ती घर करते."

आता बघा, एवढं शेवटचं वाक्य तेवढं माझं. बाकी सगळं शास्त्र!

संध्याकाळी परत गेलो, तर मुरुगेसन माझीच गोष्ट मला ऐकवायला लागला. "आणि राव सार, पहाटे ती नावानं हाक मारते. ओ दिली की माणूस संपला. माझ्या मेव्हण्यानं ऐकलीय."

"अरे, हे मी कुठं…" म्हणता म्हणता थांबलो. मेव्हण्यानं ऐकलीय म्हणजे? घरी येऊन मी उगाच दोनदा कान धुतले.

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता गेलो. नदीवर धुकं. वारा नाही, पान हलत नाही. पिशव्या मोजल्या. सतरा.

डोळे चोळले, पुन्हा मोजल्या. एकवीस!

बारा बांधल्या होत्या हो! फळांसारख्या पिशव्याही धरतात की काय या झाडाला? जवळ गेलो. एका पिशवीच्या आत काळं काहीतरी वळवळत होतं. कान लावला तर बारीक खसखस, कागदावर नखं फिरवावीत तशी. आणि तिच्या शेजारची पिशवी… तिला हिरवी-लाल किनार. ती किनार मी ओळखली. माझ्याच धोतराची! जिवंत माणसाचं धोतर झाडाला बांधलेलं!

आणि खोडामागून हाक आली, "राव सार…"

ओ दिली नाही. पळालो! एक चप्पल तिथं, दुसरी मुरुगेसनच्या दुकानासमोर.

घरात शिरलो तर मृण्मयी पहिल्या बसनं नुकतीच आलेली. "पिशव्या वाढल्यात! आत कोणीतरी आहे! मला हाक मारली! मी… मी भ्यालो!"

पोरगी ताडकन उठली. "आत आहेत? म्हणजे माश्या निघाल्या! काका, पिशव्या तशाच सोडून आलात?" आणि बाटल्यांची पेटी घेऊन धावत सुटली. मागून बायको, बायकोच्या मागून मी, अनवाणी.

झाडाखाली म्हातारी फुलवाली उभी. हातात आणखी एक पिशवी. "राव सार, पळालात का? एवढी जरा वर बांधून द्या म्हणून हाक मारली."

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. अहो, जन्म या गावात गेला माझा! भीतिदायक झाडापासून इथं कोणी लांब पळतं का? त्याला लोक नवस बोलतात! दोन दिवसांत नऊ जणांनी नवसाच्या पिशव्या बांधल्या होत्या. मृण्मयीच्या बाराही मात्र जशाच्या तशा. दुसऱ्याच्या नवसाची गाठ कोण सोडणार? तिनं एकेक उतरवली आणि शेवटची उतरल्यावर खाली बसून रडली. आनंदानं हो.

मी किनारीच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "आणि ही?"

"माझी. तेरावी," बायको म्हणाली. "जागृत झाड आहे म्हणे. ह्यांनी एकदा तरी घरात पाऊल टाकल्या टाकल्या खरं बोलावं, म्हणून बांधली. आज आल्या आल्या काय म्हणालात?"

"भ्यालो म्हणालो."

"आणि भ्याला होतात?"

मी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. मृण्मयीनं वही काढली.

बायकोचा नवस फळला, म्हणून आता दर शुक्रवारी तिथं नारळ घेऊन जायचं काम माझ्याकडे आहे. जो भेटेल त्याला मी हात जोडून सांगतो, बाबांनो, ही गोष्ट माझीच, त्या झाडात काही नाही. उभ्या आयुष्यात एवढं कळकळीनं खरं कधी बोललो नव्हतो.

त्यावर मुरुगेसन माझ्यापुढे कॉफी ठेवतो आणि म्हणतो, "राव सार, देवाच्या बाबतीत तरी थापा मारू नका."